समारंभ वाढले, येणेजाणे आटले: वाचकांनी काय करावे

लातूर आणि नांदेड या शहरांत व त्यांच्या आसपासच्या तालुक्यांत राहणाऱ्या वाचकांकडून एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत वारंवार मांडली जाते. मंगल कार्यालय भरेल इतकी माणसे ओळखीची आहेत, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, मोबाइलवर दिवसभर शुभेच्छा येत राहतात. मात्र घरातील कोणी रात्री अचानक आजारी पडले, तर दवाखान्यात सोबत थांबायला कोणाला हाक मारावी, हे सुचत नाही. ही अडचण जाणवल्यावर काही कुटुंबे पुढचा समारंभ आणखी मोठा करून माणसे जोडण्याचा प्रयत्न करतात, तर काही जण माणसांना कंटाळून सगळ्यांशीच बोलणे टाकतात, आणि दोन्ही वाटांनी एकटेपण कमी होत नाही.

निर्णय घेण्यासाठी एकच भेद लक्षात घेणे पुरेसे आहे. एखाद्याचे नाव, गाव, हुद्दा आणि सोयरीक माहीत असणे ही ओळख होय. तर आमंत्रण नसताना, कार्यक्रम नसताना आणि कोणी पाहत नसताना दोन घरांमध्ये जी ये-जा चालू राहते, तिला या भागात ‘येणेजाणे’ म्हणतात. समारंभाने ओळख वाढते, परंतु येणेजाणे वाढण्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ कोठून काढावा व कोणाला द्यावा, हेच पुढे क्रमाने सांगितले आहे.

आपले येणेजाणे कोणाशी आहे, हे आधी पाहावे

नवी माणसे शोधण्याआधी कागदावर ओळखीच्या वीस-पंचवीस जणांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे पुढील प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे मांडावीत.

- मागच्या दिवाळीपासून आजपर्यंत, घरात कोणतेही कार्य नसताना, ही व्यक्ती आपल्याकडे किंवा आपण तिच्याकडे गेला आहात का?
- घरातील दुखणे, कर्ज किंवा मुलाचा नापासाचा निकाल तिला सांगितला, तर तो गावभर होणार नाही, अशी खात्री वाटते का?
- तिने कधी आपल्याला न रुचणारे पण खरे बोलून दाखवले आहे का, आणि त्यानंतरही बोलणे टिकले का?
- आपली नोकरी, दुकान किंवा पद उद्या गेले, तरी ती विचारपूस करील का?

बहुतेकांच्या यादीत तीन किंवा चार नावे उरतात, आणि तेवढी उरली तर चिंतेचे कारण नाही. अधिक लक्ष द्यावे ते ज्यांच्याशी पूर्वी येणेजाणे होते आणि भांडण न होताच ते थांबले, अशा नावांकडे. अहमदपूर, चाकूर, मुखेड, कंधार, नायगाव अशा तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहिलेल्या कुटुंबांच्या बाबतीत अशी नावे पुष्कळ निघतात, कारण गाव तास-दीड तासाच्या अंतरावर असूनही तेथे जाणे केवळ लग्न आणि मयतीपुरते उरलेले असते. अनोळखी माणसांत मैत्री शोधण्यापेक्षा हे तुटलेले येणेजाणे पुन्हा सुरू करणे सोपे असते. मात्र त्यासाठी पहिला फोन आपणच करावा लागतो, आणि इतक्या वर्षांनी फोन केला म्हणजे काही काम असेल, असा समोरच्याचा समज होण्याची शक्यता धरून ‘काम काही नाही, भेटावेसे वाटले’ असे सुरुवातीलाच सांगावे.

लग्नकार्य: कोठे थांबावे

या पट्ट्यातील मध्यम शेतकरी किंवा नोकरदार कुटुंबाचे लग्न आता टिळा, साखरपुडा, बस्ता, हळद, लग्न आणि वरात अशा स्वतंत्र खर्चाच्या टप्प्यांत विभागले गेले असून त्यांत लग्नाआधीचे चित्रीकरण, ड्रोन, डीजे आणि कार्यालयाच्या दारावरील फ्लेक्स यांची भर पडली आहे. सोयाबीनची पट्टी, म्हणजे आडतीवर माल विकल्याची रक्कम, हाती येण्याआधीच कार्यालयाला आगाऊ पैसे द्यावे लागत असल्यामुळे काही कुटुंबे खासगी सावकाराकडे वळतात. इतके करूनही ज्यांच्यासाठी हा खर्च केला जातो, त्या पाहुण्यांशी यजमानाचे बोलणे होत नाही. यजमान मंचावर पुढाऱ्यांच्या सत्कारात आणि छायाचित्रांत अडकलेला असतो, मुहूर्त टळून जातो आणि पाहुणे अक्षता पडताच बुफेच्या रांगेत उभे राहून परततात. 2025 मध्ये मराठा समाजाच्या काही बैठकांतून लग्नासाठी जी आचारसंहिता पुढे आली, तिने पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवावी, डीजे आणि लग्नाआधीचे चित्रीकरण टाळावे, असे सुचवले. खर्च कमी होणे हा तिचा उघड लाभ आहे, परंतु पाहुण्याजवळ बसण्याची सवड यजमानाला पुन्हा मिळणे, हा लाभ त्याहून मोठा मानला पाहिजे.

कार्य ठरवताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

1. आधी कार्यालय पाहून नंतर ते भरण्याचा विचार करू नये. आधी माणसे मोजावीत. यादीतील प्रत्येक पाहुण्याला घरातील कोणीतरी नावाने ओळखते आणि त्याच्याजवळ दहा मिनिटे बसू शकते, ही अट लावली की संख्या आपोआप आटोक्यात येते.
2. सत्कार, भाषणे आणि मान्यवरांची प्रतीक्षा कार्यक्रमातून वगळावी, आणि हा निर्णय पत्रिका छापण्याआधीच दोन्ही घरांनी मिळून घ्यावा. ऐन मंडपात तो अमलात येत नाही.
3. शक्य असेल तेथे पंगत ठेवावी. पंगतीत भावकीतील मुले वाढतात, म्हणून पाहुणा कोण आणि कोठला, हे पुढच्या पिढीला तेथेच कळते.
4. आहेराची वही ठेवायची की नाही, हे विचारपूर्वक ठरवावे. आहेराची प्रथा मुळात कार्य असलेल्या घराचा भार वाटून घेण्यासाठी होती, म्हणून तिला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. मात्र वहीतील आकडा पाहून परतफेडीचा आकडा ठरू लागला असेल, तर आहेर बंद करून त्याऐवजी भावकीकडून हातभाराची कामे मागावीत.
5. कार्यानंतर महिनाभराच्या आत, ज्या वृद्धांना येता आले नाही त्यांच्या घरी नवदांपत्याला घेऊन जावे.

साध्या लग्नाचे पर्याय. विशेष विवाह कायदा, 1954 अन्वये जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देऊन तीस दिवसांच्या मुदतीनंतर नोंदणी पद्धतीने विवाह करता येतो. पुरोहिताशिवाय होणारी सत्यशोधक पद्धत महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केल्यापासून चालत आली आहे. सामूहिक विवाहात सहभागी होणाऱ्या पात्र शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी राज्य शासनाची अनुदान योजना आहे. तिची सध्याची रक्कम आणि अटी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारून घ्याव्यात. पद्धत कोणतीही असली तरी राज्याच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत नोंदणी करून दाखला घेणे विसरू नये.

‘नाही’ म्हणण्याचे हक्क. साधेपणाचा निर्णय घेणाऱ्या कुटुंबावर दबाव येतो, आणि तो येतो तेव्हा कायदा कोणत्या बाजूला आहे, हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

- हुंडा प्रतिबंधक कायदा, 1961 नुसार हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे असून त्यांस किमान पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तथापि हुंड्याने पीडित झालेल्या व्यक्तीने तक्रारीत दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही. स्वखुशीने दिलेल्या भेटींची सही केलेली यादी ठेवणे नियमांनुसार बंधनकारक आहे.
- जातपंचायतीने किंवा समाजातील गटाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, म्हणजे त्याच्याशी रोटीबेटीचे व इतर व्यवहार बंद करणे, हा महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.
- परवान्याशिवाय सावकारी करणे राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्यान्वये दंडनीय आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करावी.
- रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मंडपात किंवा रस्त्यावर डीजे लावता येत नाही. शेजारी आजारी माणूस असल्यास पोलिसांच्या 112 या क्रमांकावर कळवता येते.

वेळा अमावस्येकडून काय घ्यावे

लातूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या धाराशिव, नांदेड व बिदरच्या भागांत मार्गशीर्ष अमावस्येला साजरी होणारी वेळा अमावस्या हे या लेखाच्या विषयाचे सर्वांत समर्पक उदाहरण आहे, आणि बाहेरून आलेल्या वाचकांना त्याची नीट ओळख नसते म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल. या दिवशी घरेच्या घरे शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याची खोप उभारून तिच्यात पांडवांची पूजा होते, आणि त्यानंतर भज्जी, म्हणजे हिरवे हरभरे, वाटाणे, तुरीचे दाणे, मेथी, पात अशा हंगामातील अनेक भाज्या बेसन लावून एकत्र शिजवलेला पदार्थ, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकात कालवून मुरवलेली ज्वारीची आंबील, असे जेवण शेतातच होते. जिल्हा प्रशासन बहुधा या दिवसाची स्थानिक सुटी जाहीर करते, आणि एरवी सोळा रस्त्यांनी माणसे येऊन गजबजणारी लातूरची गंजगोलाई बाजारपेठ त्या दुपारी ओस पडते.

या सणाचे वैशिष्ट्य असे की ज्याच्याकडे शेत नाही त्याला शेत असलेल्याने बोलवायचे असते, आणि या बोलावण्यात पत्रिका, आहेर, मंच किंवा सत्कार यांपैकी काहीही नसते. म्हणून शहरात नव्याने आलेल्या वाचकांनी आमंत्रणाची वाट पाहत बसू नये. शेती असलेल्या सहकाऱ्याला ‘यंदा तुमच्या शेतात आम्ही यावे का’ असे सरळ विचारावे. येथील रीतीत असे विचारणे आगाऊपणाचे समजले जात नाही. जाताना मिठाईचे खोके नेण्यापेक्षा सकाळी लवकर पोहोचून डबे, घागरी वाहून नेण्यास आणि वाढण्यास हात लावावा, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या कुटुंबाला आपल्या घरी जेवायला बोलवावे, कारण परतीचे बोलावणे गेले नाही तर त्या दिवसाची गोडी ओळखीपाशीच थांबते. टाळावयाची गोष्ट एकच आहे: एका दुपारी चार-पाच शेतांना धावती भेट देऊन प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढणे. पुढारी आणि अधिकारी यांना तसे करावे लागत असेल, परंतु इतरांनी एका शेतात उन्हे उतरेपर्यंत थांबावे.

शेतमालक वाचकांनी कोणाला बोलवावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. भावकी आणि सोयरे येतातच. त्यांच्याबरोबर घरातील भाडेकरू, शेजारच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी, बदलीवर आलेली परिचारिका किंवा शिक्षक, आणि वर्षभर त्याच शेतात राबणारी मजूर कुटुंबे यांचा विचार करावा. मराठवाड्यात येणेजाणे पुष्कळदा जातीच्या कुंपणाआत राहते, ही वस्तुस्थिती नाकारून माणसे जोडण्याचा विचार करता येत नाही; म्हणून मजुरांना वेगळे, उशिरा किंवा लांब न बसवता सर्वांची एकच पंगत धरावी. हे करताना घरातील वडीलधाऱ्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे, कारण पंगत बसताना झालेला वाद पाहुण्यांना अपमानित करतो.

एकत्र कामातून जुळणारी माणसे

केवळ गप्पांसाठी जमलेला गट अनेकदा विरून जातो, तर कामासाठी जमलेला गट टिकतो, याचे मोठे उदाहरण याच भूमीत घडले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरांचे आकार कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फूट असे ठरले, रस्ते रुंद झाले आणि जुन्या गल्लीतील दाराला दार लागून असलेली घरे एकमेकांपासून दूर गेली. त्याच काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिलांची ‘संवाद सहायक’ म्हणून, म्हणजे शासन आणि गावकरी यांच्यातील दुवा म्हणून, नेमणूक झाली. सिमेंट, अनुदान आणि मोजमापे यांसाठी एकत्र बसणाऱ्या महिलांमधून पुढे बचत गट आणि इतर कामे उभी राहिली. घरे दूर गेली असतानाही माणसे जवळ आली, ती या कामामुळे.

वाचकांना आज सहज मिळू शकणारे असे काही पर्याय आहेत. नांदेड येथील सचखंड श्री हजूर साहिब हे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी जेथे देह ठेवला ते शीख तख्त असून, तेथील लंगरमध्ये, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या सामुदायिक भोजनात, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला भाजी चिरण्याची, पोळ्या लाटण्याची किंवा भांडी घासण्याची सेवा करता येते. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि एकदाच जाऊन परतण्यापेक्षा आठवड्यातील एक वेळ ठरवावी, म्हणजे त्याच वेळेला येणारी तीच माणसे भेटू लागतात. गावातील अखंड हरिनाम सप्ताहात वर्गणी देऊन मोकळे होण्यापेक्षा स्वयंपाकाची किंवा वाढपाची एक पाळी मागून घ्यावी. वाचनाची आवड असलेल्यांनी सार्वजनिक ग्रंथालयात चार-पाच जणांची बैठक ठरावीक वारी धरावी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर यांच्याभोवती जमणारी गप्पांची मंडळी मराठवाड्याच्या सांस्कृतिक आठवणींत आजही सांगितली जाते, आणि अशी मंडळी जमण्यासाठी सभागृहाची किंवा प्रमुख पाहुण्यांची गरज पडत नाही.

भिशीविषयी सावधपणे बोलावे लागते. महिलांची भिशी ही मूळची उपयोगी रीत आहे, परंतु तिच्यात ठरावीक रंगाच्या साड्या, हॉटेलातील जेवण आणि चित्रीकरण यांचा खर्च वाढला की सर्वांत कमी मिळकतीची मैत्रीण काहीतरी कारण सांगून बाहेर पडते, आणि तसे झाल्यास उरलेल्यांनी तिच्या घरी जाऊन भिशीचे स्वरूप पुन्हा साधे करावे.

क्लाससाठी आलेली मुले आणि त्यांचे पालक

गुणवत्ता याद्यांमुळे राज्यभर गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’नंतर लातुरात, आणि त्यापाठोपाठ नांदेडमध्ये, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावची मुले मोठ्या संख्येने येतात. चौकाचौकांत यशस्वी मुलांची छायाचित्रे झळकत असतात आणि ती पाहत खोली, मेस, क्लास व अभ्यासिका या फेऱ्यांत मूल एकटे पडत जाते. पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

- रोजच्या फोनची सुरुवात चाचणीच्या गुणांनी करू नये. जेवण, झोप आणि खोलीतील सोबती यांची नावे आधी विचारावीत. मुलाला दोन महिन्यांनंतरही एकाही सोबत्याचे नाव सांगता येत नसेल, तर प्रत्यक्ष जाऊन एक मुक्काम करावा.
- त्याच शहरातील एक परिचित कुटुंब निवडून, आठवड्यातून एकदा मुलाने तेथे जेवायला जावे, असे दोन्हीकडे बोलून ठरवावे. पैशाची भरपाई सुचवण्यापेक्षा गावाकडची डाळ, गूळ, शेंगा पोहोचवाव्यात.
- प्रवेशाच्या वेळी समुपदेशक कोण, हे विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा आणि गुणांच्या आधारे मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे टाळावे, असे अपेक्षित असून हे निर्देश शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत मिळावे, अशीही तरतूद आहे. म्हणून पैसे भरले आहेत एवढ्याच कारणासाठी मुलाला थांबवून ठेवू नये.

मोबाइलवरच्या ओळखी

समाजमाध्यमांतील ओळख खोटीच असते, असे समजण्याचे कारण नाही. दूर गेलेले वर्गमित्र तेथेच सापडतात. मात्र सापडल्यानंतर महिनाभरात प्रत्यक्ष भेट ठरली नाही, तर ती ओळख शुभेच्छांपुरती राहते. विवाह जुळवण्याच्या संकेतस्थळांवरून किंवा समाजमाध्यमांतून आलेली व्यक्ती भेट टाळत असेल, प्रत्येक वेळी परदेशाचे किंवा सैन्यातील नोकरीचे कारण सांगत असेल आणि अडचणीसाठी पैसे मागत असेल, तर व्यवहार तत्काळ थांबवावा. पैसे गेले असल्यास लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. खासगी छायाचित्रांवरून धमकी आल्यास पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला त्याच दिवशी सांगावे.

यादीत एकही नाव उरले नसेल तर

काही वाचकांच्या कागदावर सुरुवातीच्या प्रश्नांनंतर एकही नाव उरत नाही, विशेषतः निवृत्त झालेल्या, जोडीदार गमावलेल्या किंवा सासरी नव्याने आलेल्या व्यक्तींच्या. त्यांनी एकदम पाच ठिकाणी जाण्याऐवजी एकच ठिकाण आणि एकच वेळ निवडून, सकाळच्या फिरण्याची जागा असो किंवा ग्रंथालय, किमान तीन महिने तेथे जात राहावे. पहिले काही आठवडे केवळ नमस्कार होईल, आणि तो टप्पा अपयशाचा समजू नये. झोप उडाली असेल, जेवण कमी झाले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ओळखी वाढण्याची वाट न पाहता 14416 या टेलिमानस सेवेच्या विनामूल्य क्रमांकावर बोलावे; तेथे मराठीतही बोलता येते. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी 14567, संकटातील महिलांसाठी 181 आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी 15100 हे क्रमांक आहेत. मुले सांभाळत नसतील तर आईवडिलांना 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्यासाठी साध्या अर्जाने दाद मागता येते, आणि या अर्जासाठी वकील नेमावा लागत नाही.